ऑटोक्रॉससाठी रोजच्या स्विफ्टमध्ये काय बदलावं आणि कशाला हात लावू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी 2019 ची पेट्रोल स्विफ्ट व्हीएक्सआय, मॅन्युअल, जवळपास 60 हजार किलोमीटर चाललेली. राहायला चिंचवड, नोकरी चाकणला, म्हणजे गाडी रोज लागतेच. दोन महिन्यांनी आयुष्यातली पहिली ऑटोक्रॉस (आखलेल्या छोट्या ट्रॅकवर एकेका गाडीची वेळ मोजायची स्पर्धा) आहे आणि खर्चायला 60 हजार रुपये आहेत. 17 इंची मॅगव्हील, लोअरिंग स्प्रिंग, कोल्ड एअर इनटेक (इंजिनला थंड हवा देणारी नळी), रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) आणि जमलं तर फ्री-फ्लो सायलेन्सर अशी यादी तयार आहे. यातलं आधी काय करावं, हे तुम्हाला हवं आहे.

माझं स्पष्ट मत: या यादीतलं काहीच करू नका. 60 हजारांत तुमची गाडी पहिल्या सीझनसाठी फार चांगली तयार होते, फक्त पैसे वेगळ्या ठिकाणी जातात. मी स्वतः हॅचबॅक घेऊन उतरतो आणि अधूनमधून स्क्रूटिनीच्या, म्हणजे स्पर्धेआधी गाड्या तपासायच्या, टेबलावरही बसतो. नवख्यांच्या गाड्या तिथे जवळून बघायला मिळतात. मागे चकचकीत सायलेन्सर लावलेला असतो आणि पुढचा लोअर आर्म बुश (चाक धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातलं रबर) फाटून लोंबत असतो, हे चित्र ओळखीचं आहे.

काहीही विकत घेण्याआधी आयोजकांचं नियमपत्रक मागवा, म्हणजे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स. त्यात पहिली गोष्ट बघायची ती जमीन. अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हटलं की डांबरी किंवा काँक्रीटचं पार्किंग आणि त्यावर मांडलेले प्लास्टिकचे कोन (शंकू). जपानी लोकांचं जिमखाना, ब्रिटनमधलं ऑटोटेस्ट ही त्याचीच भावंडं. परदेशातल्या व्हिडिओंमधले सगळे सल्ले त्या जमिनीसाठी असतात. आपल्याकडे मात्र ऑटोक्रॉस मातीवर, मुरुमावर, माळरान सपाट करून केलेल्या ट्रॅकवरही होते. मुरुमावर तुमचे सध्याचे उंच, अरुंद 14 इंची टायर हेच योग्य टायर आहेत. तिथे 17 इंची चाकं घेऊन गेलात तर दुसऱ्या-तिसऱ्या रनला रिम वाकेल. त्यामुळे पत्रक हातात येईपर्यंत खिशात हात घालू नका.

पत्रकात दुसरं बघायचं म्हणजे क्लास. बहुतेक ठिकाणी नवख्यांसाठी किंवा स्टॉक गाड्यांसाठी वेगळा गट असतो. स्प्रिंग, इनटेक, रिमॅप केला की तुम्ही त्या गटातून उठून मॉडिफाइड गाड्यांमध्ये जाऊन बसता. समोर वर्षानुवर्षं चालवणारी माणसं, आणि तुमच्या गाडीत वाढलेली ताकद जेमतेम जाणवण्याइतकी. अमेरिकेतल्या एससीसीए या मोटरस्पोर्ट क्लबची 'सोलो' ही राष्ट्रीय ऑटोक्रॉस स्पर्धा 1973 पासून चालू आहे. त्यांच्या 'स्ट्रीट' या मूळ गटात शॉकअप आणि ब्रेक पॅड बदलता येतात, एक अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) बदलता येतो, पण स्प्रिंग कंपनीच्याच लागतात. इतकी वर्षं हा खेळ चालवणाऱ्यांनी रेषा नेमकी तिथे का ओढली असेल, यावर थोडा विचार करा.

तिसरी गोष्ट खेळाबाहेरची आहे, पण रोजच्या गाडीसाठी तीच सगळ्यात महत्त्वाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसी बुकावरच्या तपशिलांपेक्षा किंवा कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. सायलेन्सरचा आवाज तर चौकातल्या हवालदाराला लांबूनच ऐकू येतो. विम्याचं त्याहून गंभीर आहे. तुमची पॉलिसी काढून 'लिमिटेशन्स अॅज टू यूज' हा परिच्छेद वाचा: ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल त्यातून वगळलेले असतात. म्हणजे ट्रॅकवर काही झालं तर खर्च तुमचाच, असं धरूनच उतरायचं. बदल करून ठेवलेत तर चाकणच्या रस्त्यावर झालेल्या साध्या अपघातातही विम्याच्या सर्व्हेअरच्या हातात दावा नाकारायचं कारण द्याल. हे घाबरवायला सांगत नाही. गाडी एकच असेल तर हा हिशेब आधी मांडावा लागतो.

आता गाडीकडे येऊ.

60 हजार किलोमीटर चाललेल्या स्विफ्टमध्ये सगळ्यात मोठा अपग्रेड म्हणजे ती पुन्हा नवी करणं. ऐकायला नीरस वाटतं, पण स्टिअरिंगवर सगळ्यात जास्त फरक यानेच कळतो. तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या खड्ड्यांनी तुमचे पुढचे शॉकअप, स्ट्रट माउंट, लोअर आर्म बुश आणि लिंक रॉड यातलं काहीतरी नक्की खाल्लेलं असणार. गाडी रॅम्पवर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उभे राहा. मेकॅनिकने पहार लावून लोअर आर्म हलवला की मागच्या बुशकडे बघा. रबराला चीर दिसली किंवा आर्म लोखंडाला टेकेपर्यंत सरकला, तर तो बुश गेला. कोनांमधून गाडी डावीकडून उजवीकडे झटकन वळवताना हाच बुश चाक मागेपुढे होऊ देतो आणि तुम्हाला वाटतं की पकड टायरची कमी आहे. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओलेपणा आणि त्यावर धूळ चिकटून काळा थर बसला असेल, तर तोही बदला. जोडीने बदला, कंपनीचाच घाला. इंजिनच्या फाउंडेशनवरही, म्हणजे ते ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांवरही, नजर टाका. फाउंडेशन बसलेलं असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर जोरात सोडला-दाबला की अख्खं इंजिन डोलतं.

यात खर्च किती, ते काय निघतं त्यावर आहे. पुढचे दोन शॉकअप, माउंट, बुश, लिंक रॉड असं सगळं निघालं तरी मजुरीसकट तुमच्या बजेटच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भागेल. आणि हा पैसा ऑटोक्रॉससाठी गेला असं समजूही नका. घाटात, हायवेवर, मुलाबाळांना घेऊन जाताना हीच गाडी जास्त सरळ धावेल.

लोअरिंग स्प्रिंगबद्दल तुम्ही आग्रहाने विचारलंय म्हणून जरा थांबतो. गाडी खाली घेतली की वजनाचा केंद्रबिंदू खाली येतो, हे खरं. पण स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) आहे. गाडी 35-40 मिलिमीटर खाली बसली की लोअर आर्म आडव्याच्याही पलीकडे, बाहेरच्या टोकाला वर चढतो. मग ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो रोल सेंटर केंद्रबिंदूपेक्षाही जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढलं की त्याच वळणावर गाडी कलंडायचा जोर उलट वाढतो. स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर शॉकअप बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आदळतो, आणि वळणाच्या मध्यात तो आदळला की पुढची पकड एकदम सुटते. शिवाय कंपनीने दिलेला 163 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स तुमच्या सोसायटीच्या गतिरोधकाला पुरत होता. त्यातून चार सेंटिमीटर गेले की रोज खालून घासणार. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्प्रिंग दिसण्यासाठी बनवलेल्या असतात, त्यांचा रेट (कडकपणा) कोणी सांगतही नाही. त्या घेऊ नका.

टायर. इथे पैसे घाला, पण स्पर्धा डांबरावर असेल तरच.

तुमच्या व्हीएक्सआयला 165/80 आर14 येतात, झेडएक्सआयला 185/65 आर15. बाहेरचा व्यास काढून बघा: पहिल्याचा साधारण 620 मिलिमीटर, दुसऱ्याचा 621 च्या पुढे. म्हणजे स्पीडोमीटर तोच, गिअरिंग तेच, आणि हा साइज कंपनीनेच याच गाडीला दिलेला. रुंदी 20 मिलिमीटरने वाढते आणि टायरची भिंत 132 वरून 120 वर येते. पहिल्या सीझनला यापुढे जायची गरज नाही. ज्यांनी नवी झेडएक्सआय घेऊन लगेच मोठी चाकं चढवली त्यांनी काढून ठेवलेली मूळ 15 इंची चाकं टायरच्या दुकानांत निम्म्याहून कमी भावात मिळून जातात. घेताना चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. कड लपकत असेल तर सोडून द्या, ठोकून सरळ केलेलं अलॉय घेऊ नका.

तुमचे 17 इंची म्हणजे बहुधा 205/45 आर17. त्यांचाही बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच येतो, पण भिंत उरते 92 मिलिमीटर. चाक जड, टायर जड, आणि 83 पीएसच्या इंजिनला ते प्रत्येक कोनानंतर पुन्हा फिरवायचं. ऑटोक्रॉसमध्ये तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असता, वेग क्वचित 70-80 च्या वर जातो आणि एक रन मिनिटभराचा. अशा ठिकाणी जड चाक थेट वेळ खातं.

टायर घेताना रुंदीपेक्षा रबराकडे जास्त लक्ष द्या. काही टायरच्या बाजूवर 'ट्रेडवेअर' असा आकडा असतो. आकडा जितका मोठा तितका टायर जास्त टिकतो आणि साधारणपणे तितका कडक. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी काटेकोर जुळत नाहीत, पण एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये निवड करायला उपयोगी पडतात. रोज 50 किलोमीटर चालणाऱ्या गाडीला 300 च्या आसपासचा, ओल्या रस्त्यावर चांगलं नाव असलेला टायर हा नीट मधला मार्ग आहे. 200 चा टायर आठ-दहा महिन्यांत गुळगुळीत होईल आणि जुलैच्या पावसात त्याच टायरवर तुम्हाला ऑफिसला जायचंय. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका: तुमच्या 14 इंचीवरचा 85 म्हणजे एका टायरला 515 किलो, 88 म्हणजे 560. आणि बाजूवरचा चार आकडी कोड वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. 'सर, नवीनच आहे' म्हणून दोन वर्षं गोदामात पडलेला सेट गळ्यात मारला जातो. चारही टायर सारखेच घ्या. पुढे नवे आणि मागे जुने झिजलेले ठेवलेत तर ओल्यात मागचा भाग आधी सुटेल, आणि तुमच्या गाडीत घसरण आपोआप सावरणारं ईएसपी नाही.

आणि हवा. या विषयात जवळजवळ फुकट मिळणारी एकच मोठी गोष्ट आहे ती ही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीने लिहिलेलं प्रेशर हे तुमचं मूळ. डांबरावर, साध्या टायरवर पुढच्या दोन चाकांत त्यापेक्षा 5 पीएसआय जास्त भरून सुरुवात करा, मागे 2 जास्त. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा कधी ओलांडायची नाही. स्विफ्टचं साठ टक्क्यांहून जास्त वजन पुढच्या चाकांवर आहे, त्यामुळे जोरात वळताना पुढच्या बाहेरच्या टायरचा खांदा दुमडून भिंतीवर येतो. तो किती येतोय ते बघायला पंक्चरवाल्याकडचा पिवळा खडू घ्या आणि खांद्यावर, नक्षीच्या कडेपासून खाली भिंतीपर्यंत, तीन ठिकाणी बोटभर रुंद पट्टे ओढा. बहुतेक टायरवर खांद्याच्या खाली एक बारीक त्रिकोण असतो. रन संपवून आलात की वाका आणि बघा. खडू त्रिकोणापर्यंत पुसला असेल तर हवा बरोबर. त्रिकोणाच्याही खाली पुसला असेल तर 2 पीएसआय भरा. वरच थांबला असेल तर 2 सोडा. टायर तापला की प्रेशर आपोआप चढतं, म्हणून दर रननंतर मोजा. स्वतःचा गेज आणि पायपंप घ्या. पेट्रोल पंपावरच्या दोन मशीन एकसारखा आकडा दाखवत नाहीत. घरी निघताना मूळ प्रेशरवर आणायला विसरू नका.

मुरुमावर हे सगळं उलटं आहे. तिथे जास्त हवेने टायर उड्या मारतो. खांबावरच्या आकड्यावरच ठेवा, फार तर 2 कमी. त्याहून खाली गेलात तर दगडावर टायर चिमटून रिमला मार बसेल. मातीसाठी पैसे घालायचेच तर चांगला सम्प गार्ड (ऑइल चेंबरखालचा संरक्षक पत्रा) बसवा, पोलादाचा, पुढच्या क्रॉसमेंबरला नीट बोल्ट केलेला. ऑइल चेंबरला एक दगड लागला की तुमचं सोमवारचं ऑफिस रिक्षाने.

अलाइनमेंट नव्या टायरसोबत करून घ्या आणि छापील कागद मागा. स्विफ्टच्या पुढच्या चाकांचा फक्त टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बदलता येतो, मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी एकच तुळई) आहे, तिथे काही फिरवता येत नाही. टो शून्यावर ठेवायला सांगा. थोडा टो-आउट (चाकांची पुढची कड बाहेर) दिला की गाडी वळणात झटकन शिरते, पण हायवेवर ती भटकते आणि टायरची आतली कड महिन्याभरात खाते. रोजच्या गाडीला शून्य बरोबर. एका बाजूचा कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) दुसऱ्यापेक्षा एक डिग्रीने वगैरे वेगळा निघाला तर कुठेतरी आर्म किंवा स्ट्रट वाकलाय, आणि तो वर सांगितलेल्या शॉकअप-बुशच्या कामात धरून बदलायचा.

ब्रेकबद्दल थोडक्यात. मिनिटभराच्या रनमध्ये ब्रेक तापत नाहीत, म्हणून रेसिंग पॅड घेऊ नका. ते थंड असताना नीट धरतच नाहीत आणि सकाळी पहिल्या सिग्नलला तुम्हाला धडकी भरेल. कंपनीचे पॅड, डिस्कला खोल कड पडली असेल तर डिस्क, आणि नवं ब्रेक ऑइल, बस. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं: डॉट 3 कोरं असताना किमान 205 अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ते 140 पर्यंत उतरू शकतं. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. दर दोन वर्षांनी बदला, ताम्हिणी उतरताना त्याचे पैसे वसूल होतात. एबीएसचा फ्यूज काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सैल मातीवर एबीएसने थांबायचं अंतर थोडं वाढतं, तेवढं लक्षात ठेवून ब्रेक आधी दाबा.

हँडब्रेकवर मात्र अर्धा तास घालवा. मागे ड्रम आहेत, लायनर झिजले की दोरी सैल पडते. किती टिकटिकांनंतर चाकं धरतात ते मोजा. लिव्हर फार वर येत असेल तर लायनर समायोजित करून घ्या. घट्ट यू-टर्नला, नियमांत मुभा असेल तर, क्लच दाबून, हँडब्रेकचं बटण दाबलेलंच ठेवून, एकदा झटका द्यायचा आणि सोडायचा. बटण सोडून ओढलात तर दात अडकतो आणि गाडी आडवी उभी राहते. हे मोकळ्या, परवानगी असलेल्या मैदानावर, सुकी माती असताना शिका. डांबरावर शिकू नका.

इनटेक, रिमॅप, सायलेन्सर या तिन्हींनी टर्बो नसलेल्या 1.2 लिटर इंजिनमधून जे निघतं ते कोनांमध्ये वापरायला जागाच नसते. वळणातून बाहेर पडताना तुमचं आतलं पुढचं चाक आत्ताच फिरून जातं, कारण दोन चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल साधा आहे. ताकद वाढवली की ते आणखी फिरेल. इंजिनसाठी एवढंच करा: एअर फिल्टर स्वच्छ, प्लग वेळेवर, आणि ऑइलची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर, कारण लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं.

मागे जाड अँटी-रोल बार लावा असं तुम्हाला अनुभवी लोक सांगतील, आणि ते चुकीचं नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी त्याने खरंच वळते, स्टॉपवॉचवर दिसतं. तरीही पहिल्या सीझनला मी तो सुचवणार नाही. हाच बार पावसाळ्यात, ओल्या घाटात, वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग बाहेर फेकतो. त्याला सावरायची सवय हातात आल्यावरच तो गाडीखाली यावा.

हेल्मेटसाठी पत्रकात कोणतं प्रमाणपत्र मागितलंय ते बघूनच पैसे द्या. काही ठिकाणी आयएसआयचं चालतं, काही ठिकाणी मोटरस्पोर्टचंच लागतं. आकार असा हवा की बंद करून डोकं हलवलं तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. परवान्याची चौकशीही आत्ताच करा: देशात हा खेळ एफएमएससीआय या फेडरेशनच्या नियमांनी चालतो आणि त्यांच्या स्पर्धांना त्यांचा परवाना लागतो.

बकेट सीटऐवजी एक युक्ती सांगतो. सीट एक-दोन खाचा मागे घ्या, बेल्ट लावा, खांद्याचा पट्टा झटका देऊन लॉक करा आणि तो तसाच ताणलेला धरून सीट पुढे घ्या. पट्टा कमरेला आवळून बसतो आणि तुम्ही स्टिअरिंगला लटकून तोल सावरत नाही. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे, इतकं जवळ बसा. हायवेवर रेलून बसायची सवय इथे उपयोगाची नाही.

या सगळ्यातून पंधरा-वीस हजार रुपये उरायला हवेत. ते एंट्री फी, पेट्रोल आणि सरावाला ठेवा. कोल्हापूरला जाऊन मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्ट चालवून या. ब्रेक सोडता सोडता वळायचं, नजर पुढच्या वळणावर ठेवायची, हे कार्टमध्ये एका दिवसात जितकं अंगात भिनतं तितकं स्विफ्टमध्ये महिनाभरात नाही. स्पर्धेच्या दिवशी कोर्स पायी किमान तीनदा चाला, आणि एकदा तरी ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीला वाकून बघा. उभं राहून सरळ दिसणारी कोनांची रांग बसल्यावर भिंतीसारखी दिसते.

पहिली स्पर्धा झाली की सगळ्या रनच्या वेळा, प्रत्येक रनचं प्रेशर आणि पुढच्या दोन्ही टायरच्या खांद्यांचे फोटो मला पाठवा. शेवटचे दोन रन एकमेकांच्या अर्ध्या सेकंदात आले असतील आणि तरीही गाडी पुढून बाहेर सरकत असेल, तर आपण मागच्या बारबद्दल बोलू.